झेपल तेवढंच

कोणी सांत्वनाला येऊन हुंदके देऊ लागलं, की राधामावशी त्याच्याच पाठीवर हात ठेवायची. "एकदम नगं रं. झेपल तेवढंच लावायचं." लेक हिची गेलेली आणि धीर ही द्यायची!

हे वाक्य मूळचं माझं. शेवगावात माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. मागच्या बोळात मावशी राहायची, लोकांचे कपडे शिवायची. तिची एकुलती एक नंदा अमेरिकेत आजारपणात गेली. मावशीला तिचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. पुढे जावयाने नंदाचं विजेवरचं शिलाई मशीन आणि इस्त्री पाठवली. दोन्ही तिकडच्या एकशे दहा व्होल्टची. आपल्या प्लगात लावली असती तर जळून गेली असती. मावशी खोकं घेऊन दुकानात आली. "चालली पायजेत, बाबा. माझ्या नंदीचा हात लागलाय त्यांना."

व्होल्टेज निम्म्यावर आणणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर मी तिला करून दिला. मशीनला तो पुरून उरला असता, पण इस्त्री त्याच्या कितीतरी पट वीज ओढणारी. मी बजावलं, "मावशी, ह्याला झेपेल तेवढंच लावायचं. इस्त्री लावलीस तर हा डबा जळेल."

"व्हय," ती म्हणाली, "गरीब हाय बिचारा."

मशीन सुरू झालं. शिवून झालेल्या ब्लाउजवर मावशी ती इस्त्री गारच फिरवायची. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत बापडी.

एका दुपारी बोळात जळका वास सुटला. धावत गेलो तर डबा धुमसतोय आणि मावशी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पदरात गुंडाळलेली इस्त्री. मी भडकलोच. "सांगितलं होतं ना तुला?"

"एकदा ऊन झालेली बघायची हुती रं," ती म्हणाली. "लई गार लागती ती."

मी पाठ फिरवून वायरी सोडवत बसलो. रडू आलं होतं, दुसरं काय.

त्याच आठवड्यात इस्त्रीला पुरेल असा मोठा ट्रान्सफॉर्मर भरायला घेतला. तो तयार झाला, पण पोचवायच्या आधीच मावशी झोपेत गेली. बायकांनी तिला नेसवायला ट्रंकेतून नवी साडी काढली, ती पार चुरगळलेली. मी दुकानातून ते धूड उचलून आणलं, नंदाची इस्त्री लावली आणि साडीवरून सावकाश फिरवली.

मावशीला नेसवली तेव्हा साडी अजून ऊन होती.