मोरीवरची बाई

सिरिंजमधलं दोन एमएल औषध आत गेलं होतं, आठ बाकी होतं, आणि रेखा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "ती उनी."

मी वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, पाहिलंच. मागे हिरवा पडदा होता, दुसरं कोणी नव्हतं. धुळ्यातला मे महिना, दुपारचे तीन. लाईट गेलेली, पंखे बंद, वॉर्डात कोणी कूस बदलल्याचाही आवाज नाही.

"कोण आलं गं?"

"मोरीवरनी बाई. गया धरस मना. ताई, मी मरी जास."

तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि माझा अंगठा सिरिंजवरून आपोआप उचलला गेला.

रेखा तिशीतली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. शेतात पायात काटा मोडला, तो पिकला, आणि पाय गुडघ्यापर्यंत लालभडक सुजला. डॉक्टरांनी शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक लिहिलं. हे औषध बाटलीत पांढरी पावडर म्हणून येतं. त्यात इंजेक्शनचं पाणी घालायचं, बाटली हलवायची, विरघळलं की हळूहळू शिरेत सोडायचं. हळूहळू म्हणजे चार-पाच मिनिटं. काही सिस्टर अर्ध्या मिनिटात हात झटकून मोकळ्या होतात. त्यांच्याशी माझी तीस वर्षं भांडणं झाली आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

औषध देण्याआधी मी रीतसर विचारलं होतं. रेखाच्या सासूला, म्हणजे जिजीला, आणि रेखाच्या नवऱ्याला, भिकनला. "हिला आधी कधी कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली होती का?"

"नही वं ताई," जिजी म्हणाली. "कधीच नही."

रेखानेही मान हलवली. टेस्ट डोसही केला होता. हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचायचं आणि फोड किंवा लाली येते का ते अर्धा तास बघायचं. काही आलं नाही. कागदावर सगळं चोख.

आणि आता तिच्या मानेवर लाल गांधी उठत होत्या. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. बोटं उमटावीत तशा. माझ्या डोळ्यांदेखत उठत होत्या, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ओठ सुजला, आवाज घोगरा झाला. बीपीचा वरचा आकडा सत्तर.

भूत असो नाहीतर आणखी कोणी, हात थांबवून चालत नाही. इमर्जन्सी ट्रे उशाशी असल्याशिवाय मी अँटिबायोटिकची बाटली फोडत नाही. सिरिंज काढली, "सर!" म्हणून ओरडले, आणि अर्धा एमएल अॅड्रेनालिन तिच्या मांडीत बाहेरच्या बाजूला टोचलं. हे रिअॅक्शनवरचं पहिलं औषध, बाकी सगळं नंतर. डॉक्टर धावत आले. पाय उंच, ऑक्सिजन, भराभर सलाईन. पाच-सात मिनिटांनी बीपी चढलं. गांधी फिक्या झाल्या. माझ्या जिवात जीव आला.

दाराशी जिजी उभी होती. तिचं लक्ष रेखाकडे नव्हतंच. ती त्या हिरव्या पडद्याकडे बघत होती.

"सुईनं काही व्हयनं नही," ती हळूच म्हणाली. "तीच शे ती. अठेपावत उनी." गाव सोडून ती बाई इथपर्यंत आली, असं तिचं म्हणणं.

भिकन पिशव्या भरायला लागला. "सर, आम्ही हिला घरी नेतो. दिवस बुडायच्या आत भगताला दाखवायचंय."

डॉक्टर तरुण, तापट. "अरे, ही औषधाची अॅलर्जी आहे! उद्यापर्यंत हलवायचं नाही. काही तासांनी हे पुन्हा उलटू शकतं. वाटेत उलटलं तर बाई जाईल!"

"तेच तर," जिजी म्हणाली. "ती फिरी येईन. ती सोडस नही."

दोघं एकच सांगत होते आणि एकमेकांवर चिडले होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, दोन मिनिटं द्या मला." मग स्टूल ओढून जिजीजवळ बसले. "जिजी, कोण आहे ही बाई? सगळं सांगा."

गावाकडे जाताना रस्त्याखालून नाला जातो, तिथे मोरी आहे. सगळ्या गावाला ठाऊक होतं की दुपारचं तिथे थांबायचं नाही. रेखाला तिथे दोनदा धरलं होतं. पहिल्यांदा अंगभर गांधी आणि खाज. दुसऱ्यांदा गळा दाबला, ती मोटरसायकलवरून खाली पडली, तोंड ओळखू येईना इतकं सुजलं. उतारा टाकल्यावर रात्री उतरलं.

"त्या दोन्ही दिवशी तुम्ही कुठून येत होता?"

भिकन बोलला. "दवाखान्यातून. हिला ताप होता."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"सुई दिली होती?"

रेखाने मास्कच्या आतून उत्तर दिलं. "बाटली हालाडीसन दिन्ही. धवयी पावडर व्हती."

पांढरी पावडर, बाटली हलवून दिलेली. "भिकनभाऊ, दवाखान्यापासून मोरी किती लांब?"

"गाडीवर पाच-सात मिनिटं."

भिकनने हातातली पिशवी खाली ठेवली.

म्हणजे मला हवं असलेलं उत्तर या घरात दोनदा घडून गेलं होतं. ते त्यांनी लपवलं नव्हतं. भुताची गोष्ट कोणी नर्सला कशाला सांगेल? आणि सांगितली असती तर मी ऐकली असती का? नसती. हसले असते आणि दहाच्या दहा एमएल आत सोडलं असतं. या विचाराने मला आजही दचकायला होतं.

दोन्ही वेळा ती सुईचीच रिअॅक्शन होती, हे मी त्यांना समजावलं. जिजीला ते पटलं नाही. पण भिकन म्हणाला, "आजची रात अठेच," आणि त्याने पिशव्या कॉटखाली सरकवल्या.

संध्याकाळी सहाला मी औषधांच्या खोलीत होते. रेखाला सलाईनशिवाय काही चालू नव्हतं. तेवढ्यात जिजी अनवाणी धावत आली, पदराचंही भान नव्हतं.

"ताई! ती फिरी उनी! ती सुई आना! मांडीनी सुई!"

मानेवर पुन्हा त्याच पाच गांधी होत्या. दुसरं अॅड्रेनालिन दिलं. या वेळी तिला सावरायला जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ जिजीने माझा दंड सोडला नाही. घरी नेली असती तर रेखा तेव्हा भगतासमोर असती.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा गटच बदलला. केसपेपरवर लाल शाईने लिहिलं, वेगळं कार्डही दिलं. पाय बरा झाला. रेखा स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेली.

एक गोष्ट कळली नाही. मरण आल्याची भीती या रिअॅक्शनमध्ये आधीच वाटते, हे पुस्तकात आहे. प्रत्येक वेळी तीच बाई का दिसावी, ते मला कुठे सापडलं नाही. मी फार शोधलंही नाही.

तेव्हापासून मी नुसतं "रिअॅक्शन आली होती का?" एवढ्यावर थांबत नाही. शेवटी आवाज खाली आणून विचारते, "सुई घेऊन घरी जाताना कधी, कुठे, काही धरलं होतं का?" नव्या सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसतात. बहुतेक पेशंटही हसतात. एखादा मात्र हसत नाही, आधी दाराकडे बघून घेतो आणि मग सांगायला लागतो. त्याची बाटली मी फोडत नाही.