सरांच्या आवाजात

ही गोष्ट आईला सांगितली नाही, रूममेटला नाही, दारू चढल्यावरसुद्धा नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही — हे मात्र राहिलंय.

मी नकला करतो. इंदापूरच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाला ओरडून मधेच सुट्टीची घंटा द्यायला लावली होती. मार खाल्ला, पण अख्खी शाळा हसली. ते हसणं डोक्यात गेलं बहुतेक.

पुण्यात आलो आणि नारायण पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागलो. आमचे सर कायरोप्रॅक्टिक करायचे — म्हणजे हातानं मणके, सांधे दाबून बसवायचे. गर्दी व्हायची ती तान्ह्या बाळांची. बाळ सारखं रडतंय, दूध ओकतंय — आणा सरांकडे. ते दोन बोटांनी इवल्याशा पाठीवर हलकं दाबायचे. त्यानं काय व्हायचं? मला नाही माहीत. आयांना मात्र धीर यायचा, कारण सर बोलायचे छान. आधी खाकरायचे, मग "हे बघा ताई..." हे मी इतकं हुबेहूब करायचो की आमची असिस्टंट प्राजक्ता टेबलावर डोकं टेकून हसायची.

कसब्यातल्या शबनमताई झोयाला आणायच्या. जेमतेम महिन्याची पोर.

त्या दुपारी सर लोणी काळभोरला लग्नाला गेले होते. क्लिनिक रिकामं. लँडलाइन वाजला. शबनमताईंचा आवाज — "सर आहेत का?" मी प्राजक्ताकडे बघितलं आणि खाकरलो. का? ती हसावी म्हणून. एवढंच.

"सर, झोया एक पाय हलवतच नाहीये. लंगोट बदलताना किंचाळते. अंगही गरम लागतंय."

तिथं थांबता आलं असतं ना? ताई, मी बोलतोय, गंमत केली — केवढंसं वाक्य. पण लाज वाटली. आणि मी त्याच आवाजात म्हणालो, "हे बघा ताई, अंग मोकळं होतंय तिचं. दोन-चार दिवस चालायचंच. काळजी करू नका."

त्या थँक्यू म्हणाल्या. प्राजक्ता तोंड दाबून हसत होती — तिला पलीकडचं काही ऐकूच गेलं नव्हतं.

ताई चार दिवस थांबल्या. झोयाच्या खुब्यात पू झाला होता. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर त्यांना म्हणाले, आधीच आणायला हवं होतं.

मग नवरा-बायको क्लिनिकवर आले. सर चक्रावले, म्हणाले, "मी तर त्या दिवशी गावाला होतो." मला विचारलं, "अरे, यांचा फोन आला होता का?" आणि मी — माझ्या स्वतःच्या आवाजात — म्हणालो, "आला होता सर. मी म्हटलं सर नाहीयेत, बाळाला लगेच हॉस्पिटलला न्या."

प्राजक्ता खाली बघत राहिली. ताई म्हणाल्या, "नाही, सर स्वतः बोलले माझ्याशी."

नवरा हळू आवाजात म्हणाला, "सर गावाला होते, शबनम. अजून किती खोटं बोलशील?"

तो ओरडला असता तर परवडलं असतं.

प्राजक्तानं नोकरी सोडली, नंतर मीही. आता नकला करत नाही असं लिहिलं तर बरं दिसेल — पण करतो. लोक हसतात.

मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, कसब्यात कामाला गेलो होतो. समोरून शबनमताई आल्या. हाताला झोया — चालते, पण एका बाजूला झुकून. ताईंनी मला ओळखलं. चिडल्या नाहीत. सर बरे आहेत का, विचारलं. मग पोरीची ओढणी नीट करत म्हणाल्या, "मला अजून वाटतं रे, सरच बोलले होते. पण घरात सगळे म्हणतात, तर... तूच सांगितलं असशील ना, हॉस्पिटलला न्या म्हणून? माझंच डोकं तेव्हा ठिकाणावर नसेल."

झोया माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो ताई. मी सांगितलं होतं."