मेहुण्यांचं कुलूप

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याबिर्याची अपेक्षा करायला नको. कुकरची शिट्टी जोरात झाली तरी माझ्या छातीत धस्स होतं, आणि मी पेशाने आचारी! असा माणूस लढाईच्या तळावर स्वयंपाक करायला गेलाच कसा, हे माझी बायको अजून विचारते. कसा म्हणजे? घरी बसून पोटाला काय बांधणार होतो? कंत्राटदाराचा माणूस गोड बोलला, "तुम्हाला बंदूक धरायची नाही, झारा धरायचाय." झारा बघून तोफगोळा वाट बदलत नाही, हे काही त्या गृहस्थाने सांगितलं नाही.

पण गोष्ट माझी नाही, भावजींची आहे. भावजी तळावरचे वायरमन. त्यांच्यासोबत त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ होते, तेही वायरमनच. ते यांना "भावजी" म्हणायचे, हे त्यांना "मेहुणे". ऐकून ऐकून सगळा तळच तसं म्हणायला लागला. तळाचे मोठे साहेबसुद्धा फोनवर "भावजींना पाठवा" म्हणायचे. म्हणजे तळावरच्या यच्चयावत पुरुषांची बहीण यांना दिलेली!

आम्ही तिघं पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. मी भित्रा, तर भावजी माझे गुरू. अंगाने काटकुळे, चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा. बूट घालूनच झोपायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि मान वर करून ऐकत बसायचे. "काय ऐकताय?" विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. तेच तर ऐकतोय." मग माझाही घास घशात अडकायचा.

मेहुणे याच्या अगदी उलट. पन्नाशीचे, देहाने दुप्पट, पडल्या पडल्या घोरणारे, आणि विसराळू तर असे की चष्मा कपाळावर ठेवून सगळी खोली उलटीपालटी करणार. दुकान बुडालं म्हणून बहिणीनेच त्यांना नवऱ्याच्या मागे लावून दिलं होतं. तिने निघताना एकच वाक्य सांगितलं होतं, "दादाला नेलं तसं आणायचं." भावजी ते वाक्य आम्हाला इतक्या वेळा ऐकवायचे की मला वाटायचं, या माणसाला तोफेपेक्षा बायकोची भीती जास्त आहे.

आता कुलपाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. विजेचा मोठा बोर्ड माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर होता, पिठाच्या पोत्यांशेजारी. लाइनवर काम करायला जाणारा माणूस आधी बोर्डावरचा खटका खाली पाडणार, त्याच्या दांडीत आपलं कुलूप घालणार आणि किल्ली गळ्यात अडकवून जाणार. परत आला की ज्याचं कुलूप त्याने स्वतःच्या हाताने काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव येवो. "कुलूप लटकतंय म्हणजे माणूस तारेला लटकतोय," भावजी म्हणायचे. एकदा मी त्या कुलपावर ओलं फडकं वाळत घातलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचं जेवत मात्र होते.

त्या दिवशी दुपारी मेहुणे चहा प्यायले, कुलूप घातलं आणि धुलाईघराच्या पलीकडे गेले. तिथे जमिनीत केबलचा खड्डा होता आणि आतला धुलाईघराकडे जाणारा जोड जळला होता; दवाखान्याची वीज त्याच खड्ड्यातून सरळ पुढे जायची. भावजी माझं कणीक मळायचं यंत्र उघडून बसले होते. मी कांदे चिरत होतो. एवढ्यात सायरन झाला.

आम्ही दोघं पळालो ते थेट बंकरमध्ये. बंकर म्हणजे वाळूच्या पोत्यांची बुटकी खोली, स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच. गोळे पडायला लागले. लोक सांगतात की त्या वेळी देव आठवतो. मला काही आठवलं नाही. मी फक्त भावजींचा दंड धरून बसलो होतो, आणि तो दंड इतका थरथरत होता की मी कापतोय की ते, हे कळायला मार्ग नव्हता. ते सारखं एकच पुटपुटत होते, "मेहुणे तिकडच्या बंकरात गेले असतील. गेले असतील ना? गेलेच असतील."

जरा उसंत मिळाली तसे आम्ही स्वयंपाकघरात परतलो, तोच साहेब धावत आले. मागे एक शिपाई, त्याच्या हातात लोखंड कापायचा लांब दांड्यांचा कटर. साहेबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. रक्त त्यांचं नव्हतं, पाहुण्याचं होतं.

पाहुणा म्हणजे आमच्या भाजीच्या गाडीचा ड्रायव्हर. रोज येऊन न बोलावता चहाला बसायचा, म्हणून त्याचं नाव पाहुणा. माझ्या स्वयंपाकाला "सक्तमजुरी" म्हणायचा आणि तीनदा वाढून घ्यायचा. तळावर मला हसवणारा तेवढा एकच प्राणी. तो गाडीसकट फाटकातच गोळ्याखाली सापडला होता. आता दवाखान्याच्या टेबलावर होता, डॉक्टरांनी पोट उघडलं होतं, आणि दवाखान्याचा जनरेटर गोळ्याने उडाला होता. यंत्रं बॅटरीवर कशीबशी धुगधुगत होती. दुसरी वीज यायची तर आमच्या बोर्डावरून, त्याच केबलने, जिच्यावर मेहुणे काम करत होते.

"खटका वर करा," साहेब म्हणाले.

"कुलूप मेहुण्यांचं आहे. ते आले नाहीत अजून," भावजी म्हणाले. 

साहेबांनी आपल्या वॉकीटॉकीवरून मेहुण्यांना हाक मारली. आणि आमच्या पाठीमागे, मिठाच्या बरणीशेजारी, फळीवरून साहेबांचाच आवाज खरखरत आला. चहा पिताना मेहुणे आपला वॉकीटॉकी तिथेच ठेवून गेले होते. 

साहेब काही राक्षस नव्हते. शांतपणे म्हणाले, "हे बघा. धुलाईघराशेजारी बंकर आहे. सायरन होऊन इतका वेळ झाला. गोळे पडत असताना कुठला माणूस उघड्या खड्ड्यात बसून राहील? तो बंकरमध्ये बसलाय, किल्ली गळ्यात, कुलूप काढायचं विसरून. विसराळू आहे, हे तुम्हीच सांगत असता ना?"

खरं सांगतो, मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

भावजी कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बघून येतो." तेवढ्यात पुन्हा एक गोळा पडला, भांडी घडाघडा खाली आली, आणि हा बूट घालून झोपणारा माणूस मला म्हणाला, "याला कुणाला हात लावू देऊ नकोस." आणि गेला की! उघड्या मैदानातून, कमरेत वाकून, डोक्यावर माझी परात धरून. हसू नका. त्या वेळी हाताला तेवढीच लागली.

मी कुलूप मुठीत धरलं. साहेब म्हणाले, "बाजूला हो."

"साहेब, मला होताच येत नाही हो. पाय हलत नाहीत."

"पाहुणा तुझा दोस्त ना? तो मरतोय तिकडे."

मी रडायला लागलो. मोठ्याने, लहान पोरासारखा. माझा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. साहेबांनीच कापावं आणि माझ्यावर काही येऊ नये, असंसुद्धा मनात येऊन गेलं. तेवढ्यात दवाखान्यातून एक जण ओरडत आला, "बॅटरी चालली!" साहेबांनी शिपायाच्या हातून कटर घेतला आणि त्याचं तोंड कुलपाच्या कडीला लावलं. माझी बोटं मध्येच होती.

"बोटं जातील तुझी. काढ."

मी काढली नाहीत. यात शौर्य अजिबात नाही. मूठच उघडत नव्हती. उघडली असती तर काढली असती.

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दांडे थोडे आवळले, थोडे सैल केले, पुन्हा आवळले. आणि दारात भावजी दिसले. मेहुण्यांना बखोटीला धरून अक्षरशः फरफटत आणत होते. परात कुठे गेली कुणास ठाऊक. मेहुण्यांनी गळ्यातली किल्ली काढली, पण ती कुलपात शिरेना, हात एवढे कापत होते. शेवटी भावजींनी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा किल्ली फिरली. खटका वर गेला.

मेहुणे खड्ड्यातच होते. केबलच्या उघड्या तारा पोटाशी धरून, गुडघ्यात डोकं घालून बसले होते. "बाहेर यायला पाय उचलेनात रे," एवढंच म्हणाले, आणि पिठाच्या पोत्यावर बसून त्यांना उलटी झाली. साहेबांनी हातातला कटर जमिनीवर ठेवला. तेही खालीच बसले. दांडे आणखी जरा आवळले असते, तर मेहुण्यांचा जागच्या जागी कोळसा झाला असता.

पाहुणा संध्याकाळच्या आत गेला.

भावजी डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले. "लाइट आधी आली असती तर?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हात धूत होते. "कदाचित," म्हणाले. मग म्हणाले, "सांगता येत नाही." पुन्हा भावजींनी विचारलं नाही.

तळावर कुणी आम्हाला बोल लावला नाही. उलट साहेब मुद्दाम स्वयंपाकघरात आले, सगळ्यांदेखत भावजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नियम म्हणजे काय ते तुमच्याकडून शिकावं. मी चुकलो होतो." लोकांनी माना डोलावल्या. भावजी खाली बघत होते. मला वाटलं, विनय आहे. कौतुकच वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मेहुणे खोलीत पांघरूण घेऊन पडले होते. मी भांडी आवरायला घेतली. पाहुण्याचा कप तसाच होता. तो धुवायला माझा हात होईना. भावजींनी तो घेतला आणि धुतला.

"तुम्ही होतात म्हणून," मी म्हणालो. "दुसरा कुणी असता तर साहेबांपुढे नांगी टाकली असती. नियम पाळलात, भावजी."

"कसला नियम?" ते एकदम खेकसले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक. साहेब म्हणत होते ना, तो बंकरमध्ये असणार? मलाही तसंच वाटत होतं. अगदी शंभर टक्के. कुणालाही तसंच वाटलं असतं. तिथे दुसऱ्या कुणाचं कुलूप असतं ना, तर साहेबांच्या हातातला कटर घेऊन मीच कापलं असतं. पाहुण्यासाठी कापलं असतं. पण हा हिचा भाऊ. शंभर टक्के मला पुरेनात."

 कप त्यांच्या हातातच होता. पुसून कोरडा झाला तरी ते पुसतच होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "खड्ड्यात मी असतो तर?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी, त्यांच्या खोलीत राहणारा, त्यांच्या ताटातलं खाणारा माणूस. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण बोलले काही नाहीत. कप फळीवर ठेवला, बूट आवळले आणि मेहुण्यांना बघायला गेले.

खोटं बोलले असते तरी चाललं असतं मला.