मार्तंडच्या पायाचे भक्त

मार्तंडचा पाय पहिल्यांदा मोडला तो गोलच्या खांबामुळे आणि दुसऱ्यांदा माझ्यामुळे. खांबाला निदान हात नव्हते. मला दोन होते, आणि ते दोन्ही मी ऐन वेळी वर केले.

झालं असं, की झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती लक्ष्मी ताल नावाच्या तलावावर विसर्जनाला निघाला होता. पुढे गणपतीची पालखी, मागे मार्तंडची खुर्ची. खुर्चीला दोन बांबू बांधलेले, बांबूंना चार खांदेकरी, आणि डाव्या अंगाचा पुढचा खांदेकरी मी. तालाच्या पायऱ्या आल्या. खुर्ची पुढे कलू नये म्हणून पुढच्या दोघांनी बांबू खांद्यावरून काढून हातांवर उचलून धरायचा, असं ठरलं होतं. मी तो धरलाही होता. तेवढ्यात पालखीपाशी उभ्या बापूरावांनी आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा!"

आता हे दोन शब्द कानावर पडल्यावर मराठी माणसाचे हात त्याचे स्वतःचे राहत नाहीत. माझे वर गेले. "मोरया!" मी ओरडलो, चांगला खणखणीत ओरडलो. बांबू सुटला आणि मार्तंड खुर्चीसकट पायऱ्यांवरून खाली गेला.

मागच्या गर्दीला वाटलं, पठ्ठ्या देवाच्या पाया पडायला आपणहून उतरला. त्यांनी दुप्पट जोरात जयजयकार केला. खुर्चीखालून मार्तंड ओरडत होता तो आवाज त्या जयजयकारात छान मिसळून गेला. गणपती मात्र टवका न उडता पाण्यात गेला. बापूरावांनी नंतर तेवढं समाधान व्यक्त केलं.

हा मार्तंड आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या रांगेतला, माझा सख्खा शेजारी. मी माल गोदामातला कारकून, तो इंजिनावरचा फायरमन. दिवसभर भट्टीत कोळसा मारायचा आणि संध्याकाळी लोको शेडच्या फुटबॉल टीममध्ये बॅक खेळायचा. बोलायचा फार कमी. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे ड्रायव्हर होणं. परीक्षा दिली होती, साहेबाने मान डोलावली होती, फक्त पाळी यायची बाकी होती. ग्वाल्हेरकडून गाडी घेऊन येताना त्याच्या इंजिनाची शिटी आमच्या रांगेजवळ आखूड-आखूड-लांब अशी वाजायची. ती ऐकली की त्याची बायको बकुळ तांदूळ धुवायला घ्यायची. "ड्रायव्हर झाले की शिटी ह्यांच्याच हातात असेल," ती म्हणायची, "आता ड्रायव्हरच्या मिनत्या कराव्या लागतात."

त्या आषाढात कानपूरची टीम आली होती. शेवटच्या मिनिटाला चेंडू आमच्या गोलात शिरताना मार्तंडने आडवा पाय घालून तो बाहेर काढला. चेंडू बाहेर गेला, पाय खांबाला गुंडाळला गेला. आम्ही जिंकलो. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "दोन महिने पाय हलवू नका. हाड सरळ जुळलं तर दसऱ्यानंतर तपासून इंजिनावर पाठवतो. नाही जुळलं तर इंजिन विसरा."

इतकं साधं होतं. पाय हलवायचा नव्हता. पण झाशीचं मार्तंडवर प्रेम बसलं होतं.

पुढच्या मॅचला सगळे प्रेक्षक डाव्या गुडघ्याला पांढरी पट्टी बांधून आले. ही कल्पना बापूरावांची. बापूराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष, कचेरीत हेडक्लार्क आणि मैदानावर सगळ्यात मोठा गळा. पट्टी धोतराच्या आतून बांधायची की वरून, यावर मंडळात सभा झाली. आतून बांधली तर सहानुभूती दिसत नाही आणि वरून बांधली तर धोतर फेडता येत नाही, असा पेच होता. इंजिनं पुसणारा हल्के, आमचा बुंदेली दोस्त, त्याने तर दोन्ही पायांना बांधली. "भैया के लाने हम तो दोई टांगें बांध लें!" असं म्हणत तो आला आणि मैदानाच्या नालीत पडला. मार्तंडच्या जागी कोणाला खेळवायचं नाही, त्याचा मान म्हणून ती जागा मोकळी ठेवायची, असंही लोकांनी कॅप्टनला ओरडून पटवलं. त्या मोकळ्या जागेतून आमच्यावर पाच गोल झाले. प्रत्येक गोलाला लोक मार्तंडच्या नावाने टाळ्या वाजवत होते.

मग मैदान पुरेना म्हणून लोक घरी येऊ लागले. येणारा प्रत्येक जण आधी प्लास्टरवर टिचकी मारायचा. आत पाय आहे ना, याची खात्री करत असावा. बायका प्लास्टरला हळदकुंकू लावायच्या. मानिक चौकातल्या हलवायाने त्यावर पेढा ठेवून नमस्कार केला आणि मग तशी रीतच पडली. पेढ्यांना मुंग्या आल्या. मुंग्या पेढे संपवून प्लास्टरच्या आत शिरल्या. मार्तंड रात्र रात्र बकुळची विणायची सुई आत घालून खाजवायचा, आणि सकाळी दारात भक्त.

"भावजी, ह्यांना झोपू द्या हो," बकुळ मला म्हणायची, "पाय मोडलाय, देवाचा अवतार झालेला नाही."

मी ते बापूरावांना सांगितलं. बापूराव सद्गदित झाले. "बघा," म्हणाले, "घरच्या माणसाला किंमत नसते."

गणपतीच्या आधी प्लास्टर निघालं. हाड सरळ जुळलं होतं. डॉक्टरांनी मार्तंडच्या पाठीवर थाप मारली आणि महिनाभर पायावर भार देऊ नको, धक्का लागू देऊ नको, म्हणून बजावलं. मार्तंड त्या दिवशी हसला. मी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं ते तेवढंच.

विसर्जनाच्या दिवशी बापूराव शिष्टमंडळ घेऊन हजर. मी त्यात होतोच.

"विसर्जनाला मार्तंडला खुर्चीत बसवून न्यायचा. मानिक चौकातून तालापर्यंत. सगळं शहर वाट बघतंय."

"त्यांना धक्का चालणार नाही," बकुळ दारातूनच म्हणाली.

"सूनबाई, धक्का लागेल कसा? पाय जमिनीला टेकणारच नाही!"

"मी नाही येत," मार्तंड म्हणाला.

"बघा, किती हा विनय!" बापूराव आमच्याकडे वळून म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगणात खुर्ची आधीच सजवून आणली होती. हल्केने मार्तंडला लेकरासारखा उचलला आणि खुर्चीत ठेवला. खरं तर त्याला नाही म्हणायची जागाच आम्ही सोडली नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

या खेपेला हाड वाकडं जुळलं. डावा पाय आखूड झाला. दसऱ्यानंतरची तपासणी दिवाळीनंतर झाली. डॉक्टरांनी त्याला नुसतं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि मान हलवली. इंजिन गेलं. ड्रायव्हरकी गेली. स्टेशनातल्या दिव्यांच्या खोलीत त्याला बसवलं. तिथे गार्डांचे हातदिवे पुसायचे, वाती कापायच्या आणि तेल भरायचं. फुटबॉलचं तर बोलायलाच नको. बकुळ आता तांदूळ धुवायला घेते ते मार्तंडचे पाय रांगेत वाजले की. एक पाय नीट पडतो, एक फरफटतो. शिटीइतकंच ते ओळखू येतं.

आणि लोकांचं प्रेम? छे, ते कमी कसलं होतंय! मार्तंड संध्याकाळी मानिक चौकातून जाऊ लागला की दुकानदार गादीवरून उठत आणि मान देण्यासाठी त्याच्या मागून लंगडत चालत. कापडवाला, अत्तरवाला आणि पेढ्याचा तो हलवाई, सगळे. हल्के सगळ्यात सुरेख लंगडायचा. त्याला त्याबद्दल शाबासकीही मिळे. एकदा गरौठ्याहून आलेल्या एका शेतकऱ्याने हे पाहिलं आणि तो संतापून म्हणाला, "काय रे, बिचाऱ्या अपंगाची थट्टा करता?" त्याला चौकातून हाकलून लावलं. आमच्या भक्तीला थट्टा म्हणतो!

मार्तंड मागे वळून बघत नसे. तो चौकातून जाणं सोडून रुळांच्या कडेने लांबचा वळसा घेऊन घरी यायला लागला.

पुढचा आषाढ आला. मंडळाने ठरवलं, मोसमाची पहिली मॅच मार्तंडच्या सन्मानाची. त्याला खांद्यांवर घेऊन मैदानाला फेरी घालायची, मागून सगळ्यांनी डाव्या पायाने लंगडत जायचं आणि मग चेंडूला पहिली लाथ त्यानेच, त्याच पायाने मारायची. लंगडण्याची तालीम मंडळाच्या अंगणात सुरू झाली. बापूराव ठेका धरायचे. आमंत्रण द्यायचं काम माझ्यावर आलं, कारण मी शेजारी आणि माझं आणि त्याच्या पायाचं नातं जवळचं.

दिव्यांच्या खोलीत रॉकेलचा उग्र वास होता. मार्तंड एका काचेवर फुंकर घालून ती फडक्याने पुसत होता. बाहेर फलाटावर ग्वाल्हेरची गाडी उभी होती. तिच्या इंजिनाने शिटी दिली तेव्हा त्याचा हात काचेत थांबला आणि शिटी संपल्यावर पुन्हा फिरू लागला.

मी सगळं सांगितलं. फेरी, हार, बँड, पहिली लाथ, सगळं. या वेळी खांदेकरी पैलवान आहेत आणि मी त्यात नाही, हेही सांगितलं. तो दिवा पुसत राहिला.

"अरे, नाही म्हणू नकोस," मी म्हणालो. "लोकांचा जीव आहे तुझ्यावर. पोरं, म्हातारे, सगळे लंगडायला शिकलेत तुझ्यासाठी. त्यांना आता मी जाऊन काय सांगू?"

मार्तंडने दिवा फळीवर ठेवला, आपल्या उजव्या, धड गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"सांगा, हा तरी मला लागतो."