सुनेचं कार्ड मी लॅमिनेट केलं

गावात अजून म्हणतात, उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी कार्डावर काही लिहिलं नाही, म्हणून आमचं नातवंड गेलं. ते खरं नाही. त्या लिहीत होत्या. लिहायला जागा मीच ठेवली नव्हती.

अलिबागच्या कोर्टात मी जन्मभर कारकुनी केली. कागद भिजतो, फाटतो, त्याला वाळवी लागते, ही धास्ती हाडात बसलेली. सुनेला गरोदरपणाचं कार्ड मिळालं होतं. माता-बाल आरोग्याचं, घडीचं. पाचव्या महिन्यात त्याची घडी फाटायला आली, तसं मी ते उलगडून लॅमिनेट करून आणलं.

पुढच्या तपासणीला नर्सबाई हसल्याच. "अहो काका, आता फ्रेम करून भिंतीला लावा हे! मी लिहू कुठं?"

"चिठ्ठीवर द्या लिहून. मी जपतो."

नवं कार्ड देते म्हणाल्या, तर मीच नको म्हटलं. मग त्या दर वेळी चिठ्ठी देत गेल्या. रक्तदाब वाढतोय. पायांवर सूज आहे. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. मी त्या वाचल्या नाहीत असं नाही. पण कागद फायलीला लागला की काम झालं, असं कोर्टात वाटायचं, तसंच वाटलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सून दिवेआगरला गेली. निघताना मी तिच्या हातात ते चकचकीत कार्ड दिलं. चिठ्ठ्यांची फाईल कपाटातच राहिली.

तिकडे तिचं डोकं दुखू लागलं. तिथल्या नर्सने दाब पाहिला, तर थोडा जास्त भरला. कार्डावर मात्र पाचव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. प्रवासाने झालं असेल, आठवड्याने या, असं ती म्हणाली. त्या आठवड्यातच सुनेला झटके आले. ती वाचली. मुलगी पोटातच गेली.

मुलाने आमच्या नर्सबाईंना अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, "पाचव्या महिन्यानंतर कार्ड कोरं कसं? पगार कशाचा घेता?"

"मी चिठ्ठ्या दिल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"कुठं आहेत? दाखवा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याला धरून उभा होतो. आत जाऊन कपाट उघडायचं, एवढंच काम होतं. मी हललो नाही.

त्यांची बदली झाली. मागच्या पावसाळ्यात त्या वारल्याचं कळलं.

त्यानंतर एकदा जेवताना मी दोघांना सगळं सांगितलं. मुलगा भरल्या ताटावरून उठून बाहेर गेला. सून भात वाढता वाढता थांबली.

"मला ठाऊक होतं, अप्पा. बाई माझ्यासमोरच द्यायच्या की चिठ्ठ्या. मला वाटलं, तुम्ही बॅगेत ठेवल्यात."

"मग त्या दिवशी अंगणात बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."