गावदेवीच्या साड्यांचा पडदा

आजारपणातून उठले तेव्हा भेटेल तो म्हणायचा, देवीची कृपा. मी मान हलवायचे, पण आतून ते पटत नसे. कृपाच करायची होती तर मुळात गाठ दिलीच कशाला, असं मी बोनकोड्याच्या गावदेवीसमोर बसून तिला सरळ विचारत असे. आम्ही राहतो कोपरखैरण्यातल्या सोसायटीत, माझं माहेर साताऱ्याकडचं, तेव्हा ही देवी काही आमच्या कुळाची नव्हे. पण उपचार चालू असताना घरात जीव रमेना, म्हणून संध्याकाळी हळूहळू चालत तिच्या देवळापर्यंत जायची सवय लागली, आणि मग तिच्याशी भांडायचीही लागली. ती निदान ऐकून तरी घेते. आमच्या घरात माझं एवढं कोणी ऐकत नाही.

माझा स्वभाव बंदोबस्ताचा. सोसायटीची पूजा असो की कुणाचं डोहाळजेवण, खुर्च्यांपासून पानसुपारीपर्यंत सगळं मी बघणार आणि दुसऱ्यानं केलं तर त्यात चूक काढणार. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगातून बरी झाल्यावर मी ठरवलं की ज्या बायकांना दवाखान्याचं तोंड बघायला सवड नसते, त्यांच्या दारात तपासणी न्यायची. माझ्या उपचारांच्या वेळी ओळख झालेल्या डॉक्टर सबा सुट्टीच्या दिवशी यायला तयार झाल्या. त्या मूळच्या उरणकडच्या, बोलायला मऊ आणि कामाला वाघ. आमचं पहिलं शिबिर कळंबोलीला, लोखंड बाजारामागच्या वस्तीत झालं. बायका पुष्कळ आल्या. त्यांनी बी.पी. बघून घेतलं, साखर तपासून घेतली, आणि छातीची तपासणी म्हटल्यावर प्रत्येकीच्या घरी कुकर लावायचा राहिला होता. संध्याकाळी डॉक्टरांनी आणि मी कोरेच राहिलेले कागद गोळा केले. दुसऱ्या शिबिरातही तेच झालं. मी देवीला जाऊन सांगितलं, तुला हे काम करून घ्यायचं नसेल तर तसं सांग, उगीच माझी दमछाक करू नकोस.

खरं तर मला आमच्या इथल्याच एकीची जास्त काळजी होती. तिचं नाव चांगुणा. बोनकोड्याच्या नाक्यावर मासळी विकते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एक मुलगी लग्नाची. माझे केस नुकते उगवायला लागले होते तेव्हा एकदा पापलेट कापता कापता तिनं विचारलं, "ताई, तुजी गाठ दुखायची काय गो?"

"नाही गं. दुखली असती तर आधी कळली असती."

तिचा कोयता थांबला. क्षणभरच, पण मी ते पाहिलं. नंतर तिनं मला नेहमीपेक्षा एक तुकडी जास्त घातली आणि माझ्याकडे न बघता पिशवी दिली. त्यानंतर मी दर खेपेला विषय काढायचे आणि ती कोळंबीच्या भावावर यायची. शेवटी एक दिवस नाक्यावर कोणी नाही असं बघून बोलली. गाठ होती, बरेच महिने होती. दवाखान्यात मात्र जाणार नव्हती. "माज्या नवऱ्यानं पन मना कदी उजेडात बगितली नाय, गेला बिचारा. आता परक्याला दाखवू? आन पोरीचं लगीन ठरतंय. लोकांना कललं तर बोलतील, आयसीला हाय तं पोरीला पन होईल. कोन घेईल तिला?" मी माझं उदाहरण दिलं, रागावले, एकदा तर रडलेसुद्धा. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, त्या पदराला मासळीचा वास होता, आणि म्हणाली, "तू नको टेन्शन घेऊ." जिच्या जिवाला धोका होता तीच माझी समजूत घालत होती.

म्हणून तिसरं शिबिर मी बोनकोड्यातच, गावदेवीच्या अंगणात घ्यायचं ठरवलं. नवरात्र नुकतं संपलं होतं. चांगुणाच्या नाक्यावरून अंगण समोर दिसतं, निदान ती बघेल तरी, एवढीच माझी आशा. समाजमंदिर त्या दिवशी एका बारशाला दिलेलं होतं, तेव्हा मी गावातल्याच मांडववाल्याला गाठलं आणि बजावलं, "बायकांचा कार्यक्रम आहे, जरा चांगलं बांध." एवढं सांगून मी निर्धास्त झाले.

सकाळी जाऊन बघते तो काय, त्यानं हळदीचा मांडव घातलेला. पिवळ्या जाळीच्या झालरी, झेंडूच्या माळा, मधोमध तपासणीच्या खाटेवर नवरीसाठी असते तशी कमान. या गावांतली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा, आणि बायकांचा कार्यक्रम म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं जीव ओतून काम केलं होतं. पण जाळी इतकी पातळ की कोवळ्या उन्हात खाटेचे चारही पाय रस्त्यावरून मोजता येत होते. समोर चहाची टपरी, रिक्षांची रांग, बाप्ये चहा पीत आमच्याकडे बघतायत. मांडववाला दुसरं काम घेऊन न्हावा शेव्याकडे गेलेला, फोन उचलेना. आलेल्या बायका लांबच उभ्या राहिल्या, जाळीकडे बघून हसल्या आणि एकेक करून पांगायला लागल्या. नाक्यावर चांगुणा पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं जाळीतून आरपार पाहिलं आणि मान फिरवली.

एवढ्या दिवसांचा खटाटोप, आणि मीच सांगितलेल्या मांडवानं तिला कायमची घालवली असं वाटलं. मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. नेहमीसारखी भांडले नाही. देवीकडे बघून एवढंच म्हणाले, आता माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ. आयुष्यात मी हे वाक्य कुणालाच कधी म्हटलेलं नव्हतं, देवालाही नाही.

हिरामावशी तेव्हा देवळात दिवा लावत होत्या. देवळाची झाडलोट आणि देवीची वस्त्रं त्याच बघतात. बाहेर येऊन त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "अगो, नवरी कुठं हाय?" मी काय घोळ झाला ते सांगितलं. त्या पदर खोचून आत गेल्या आणि पत्र्याची मोठी ट्रंक ओढत आणायला लागल्या. नवरात्रात ओटी भरताना आलेल्या साड्या होत्या त्या. देवीला नेसवून झाल्या की पुढे त्या गावातल्या गरजू नवरीमुलींना प्रसाद म्हणून जातात. "बांध या," त्या म्हणाल्या.

मी चपापले. "मावशी, देवीच्या साड्या? आणि अशा कामाला?"

"आईला पन हायत," मावशी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "तिला कसली लाज?"

डॉक्टर सबांनी कुणी न सांगता चपला काढून बाजूला ठेवल्या, मगच साडीला हात लावला. आम्ही तिघींनी साड्या दुपदरी करून मांडवाच्या बांबूंना बांधल्या. हिरव्या, लाल, काठापदराच्या, खणाच्या. दाराच्या जागी, अगदी दर्शनी, मी एक जांभळी साडी बांधली, मोरपंखी काठाची. का, तर रंग मला आवडला म्हणून. आत खाटेवर रंगीत सावली पडली, बाहेरून काही म्हणता काही दिसेना. डॉक्टर म्हणाल्या, "इतकी सुंदर खोली मला दवाखान्यात कधी मिळाली नाही."

तरी बायका पुढे येईनात. मीही कुणाला हाक मारली नाही, का ते मला आजही सांगता येणार नाही, कारण हाका मारणं हाच माझा धंदा. तेवढ्यात नाक्यावर चांगुणा उठली. शेजारणीला "माजी पाटी बग" म्हणाली, देवळाच्या नळावर आली आणि कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग सरळ मांडवाकडे आली आणि जांभळ्या साडीपाशी थांबली. तिचा काठ तिनं दोन बोटांत धरून पाहिला.

"ताई, ही तू बांधली?"

"हो. का गं?"

"ही मीच दिल्ती आईला. अष्टमीला." तिचा आवाज इतका खाली गेला की मला कान जवळ न्यावा लागला. "बोलल्ती, आई, कोनाच्या नजरेला न पाडता मना बरी कर."

तिनं साडी डोळ्यांना लावली, ती बाजूला केली आणि आत गेली. साडी पुन्हा तिच्यामागे मिटली. मी तिथेच उभी राहिले. अंगावर काटा आला होता आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. त्या भरलेल्या ट्रंकेतून तीच साडी माझ्या हाताला लागावी, तीच मी दारावर बांधावी, याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालणार नाही, आणि मला ओळखणारे सांगतील की हे माझ्याबाबतीत नवलच आहे.

चांगुणा बाहेर आली ती ताठ मानेनं. लांब उभ्या असलेल्या बायकांना तिनं ताजी मासळी आल्यावर मारते तशी हाक मारली, "अगो, उभ्या काय ऱ्हायल्या? आईच्या पदराआड जायचं हाय, कोन खातंय तुमाला?" मग जी रांग लागली ती देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. मासळीवाल्या आल्या, घरकाम करणाऱ्या आल्या, वळणावरच्या टेलरची आई काठी टेकत आली. टपरीवाल्यानं आपणहून बाकडं उलटं फिरवून दिलं. डॉक्टरांना दुपारपर्यंत घोटभर चहासुद्धा घेता आला नाही, आणि मी रांगेतल्या बायकांना पाणी देत इतकी आनंदात होते की त्या दिवशी कुणाची चूक काढायचीच माझ्याकडून राहून गेली.

चांगुणाची गाठ साधी नव्हती. पुढच्या तपासण्यांना मी तिच्याबरोबर गेले, आणि निकाल कळला तेव्हाही आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. पण गाठ लहान होती, फार पसरलेली नव्हती, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की अजून थोडं थांबली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ऑपरेशन झालं, मग किरणोपचार झाले. त्या काळात मी दुसरीकडून मासळी आणली तर तिला कसं कोण जाणे कळायचंच.

ज्याची तिला सगळ्यात जास्त भीती होती तेही झालं. गोष्ट बाहेर फुटली आणि मुलीच्या होणाऱ्या सासूबाई एक दिवस अचानक दारात उभ्या राहिल्या. मी तेव्हा तिथेच होते. चांगुणाचा चेहरा उतरला. विहीणबाईंनी पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "तुमचा तो क्यांप पुन्ना कदी हाय?" पुढच्या शिबिराला त्या स्वतः आल्या, दोन्ही सुनांना आणि जावांना घेऊन. आता कळंबोलीच्या त्या वस्तीतही आम्ही जातो, हिरामावशींची ट्रंक रिक्षात घालून. तिथल्या बायकांनी आपापल्या देवीच्या साड्या त्यात घातल्या. आता कुणाच्या घरचा कुकर लावायचा राहत नाही.

गाठ मुळात दिलीच कशाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर देवीनं दिलं असं मी म्हणणार नाही. एवढंच कळतं की मला ती झाली नसती तर चांगुणानं ते पापलेट कापताना मला काही विचारलं नसतं. यापुढचं मी देवीवर सोडलं आहे. बांबू बांधायचे, दोरी ओढायची, एवढा बंदोबस्त माझा.

मुलीच्या हळदीच्या आधी चांगुणा गावदेवीची ओटी भरायला आली. केस नीट बांधलेले, नाकात नथ, चेहऱ्यावर तेज. तिनं नवी कोरी साडी देवीपुढे ठेवली, चांगली जाड, गडद निळी. हिरामावशींनी तांदूळ सावरता सावरता विचारलं, "आता काय मागितलंस गो?"

"काय नाय," चांगुणा म्हणाली. "पडद्याला एक कमी पडत व्हती."