शेवटचा हात, पहिली फेरी

गॅरेजमध्ये कुठलंही काम संपलं की एखादा वॉशर नाहीतर स्क्रू उरतोच. कुठल्या गाडीचा ते कोणी सांगू शकत नाही, पण फेकवतही नाही. डब्यात टाकायचा. आमचे किस्सेही असेच साठलेत. आज सांगतोय ते सगळे एकाच नटाचे. आणि मी मूळचा घाबरट माणूस, तेव्हा हसायचं असेल तर तुम्ही हसा. मला अजून जमलेलं नाही.

पळस्प्याला आमचं गॅरेज. माणसं दोनच: मी संजय, आणि ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते सलीमचाचा. आमचे एक गिऱ्हाईक पांडूशेठ. जमिनीचे पैसे आले तेव्हा त्यांनी उरलेल्या डोंगरउतारावर चार एटीव्ही आणल्या. जाड टायरची चार चाकं, वर मोटरसायकलसारखं हँडल. रविवारी कामोठे, नवीन पनवेलची मंडळी पोराबाळांना घेऊन फेरी मारायला येतात. फेरीच्या टोकाला जुनी दगडाची खाण आहे, तिच्या काठावरून वळायचं. ही खाण लक्षात ठेवा, मला तर ती विसरताच येत नाही.

या गाडीची मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर असतात. दांडा जागेवर राहावा म्हणून त्यावर दोन मोठे नट एकमेकांना भिडवून आवळलेले असतात. ते सैल झाले तरी आवाज येत नाही. दांडा गुपचूप बाजूला सरकायला लागतो, बस.

*

पहिल्याच वर्षी कामोठ्याचे एक साहेब फेरी मारून आले. पुढ्यात पाच वर्षांची मुलगी. साहेब एकदम खूश.

"सस्पेन्शन भारी आहे हो तुमचं," म्हणाले, "मागून डावी-उजवीकडेही हलतं!"

मी वेड्यासारखा त्यांच्याबरोबर हसलो. चाचांनी मागच्या चाकाला पाय लावून ढकललं, तर दांडा दोन बोटं आत गेला. साहेब तोवर मुलीचा फोटो काढत होते. फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं, याच गाडीवर अजून एक फेरी मिळेल का?

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

*

त्यानंतर चाचांनी नियम केला. ज्याचा शेवटचा हात, त्याची पहिली फेरी. म्हणजे नट ज्यानं शेवटचा आवळला, त्यानं गाडी खाणीपर्यंत नेऊन आणायची. मगच गिऱ्हाईक बसणार.

नियम चोख होता. मी त्यातली पळवाट त्याच दिवशी शोधली: शेवटचा हात लावायचाच नाही. कधी मला अॅसिडिटी व्हायची, कधी घरून फोन यायचा. एकदा तर उपास आहे म्हणून सांगितलं, आणि पाठोपाठ शेठनी आणलेला वडापाव खाल्ला. पाना चाचाच घ्यायचे, फेरीही तेच मारायचे. साठी कधीच उलटलेली, पण गाडीवर ताठ बसायचे.

*

भीतीवर मी एक उपाय काढला. नट आवळून झाला की दोन्ही नटांवरून दांड्यापर्यंत पांढऱ्या नेलपॉलिशची सरळ रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. रोज सकाळी रेघ बघायचं काम पांडूशेठनी अंगावर घेतलं. दोन महिने मी रोज फोन करून विचारायचो, रेघ कशी आहे? "एकदम सरल हाय," शेठ सांगायचे. दोन महिने मी घोरत झोपलो.

मग एकदा स्वतः गेलो. तीन नंबरच्या गाडीवर रेघ होती, सरळही होती. पण बोटभर जाड, आणि पांढरी नाही, लालभडक.

मी शेठना विचारलं, हे काय?

"पांढरी संपली, मंग घरातली घेतली," शेठ म्हणाले. "रोज सकाली बगतो तं रेघ तुटलेली. मंग मी रोज नवी मारतो. तुमाला कशाला तरास?"

मी तिथेच मातीत बसलो. त्या दोन महिन्यांत शाळांच्या तीन सहली येऊन गेल्या होत्या. शेठ बिचारे पाणी आणायला धावले. ऊन लागलं असेल म्हणाले.

*

आता खरी गोष्ट. नट नवे घातले तरी सैल व्हायचे. दर आठवड्याला. का, ते मला एका दुपारी कळलं.

चाचा नट आवळून, रेघ मारून नमाजला गेले होते. मी सहज पाना लावून बघितला, तर नट पाव फेरा फिरला. ज्या हातानं ट्रकचे गंजलेले नट सोडवलेले मी पाहिलेत, त्या हातातला जोर गेला होता. तोंडावर कोण सांगणार? मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी नट आवळला, तुटलेली रेघ थिनरनं पुसली आणि होती तशी नवी मारली. चाचा आले, गाडीवर बसले, खाणीपर्यंत जाऊन आले.

मग हे दर वेळचंच झालं. चाचा नमाजला गेले की माझी चोरी सुरू. दीड वर्ष. आधी मला एकच भीती होती, आता दोन झाल्या. नट सुटेल ही एक, आणि चाचांना कळेल ही दुसरी.

एका रविवारी पांडूशेठ चहा घेऊन नेमके गाडीला टेकून बसले. उठेचनात. त्यांच्यासमोर पाना लावला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की सलीमचाचांचा हात गेला. मी नुसता घुटमळत राहिलो. चाचा नमाज करून आले, वाकून दांड्याला हात लावला आणि गाडी काढली. ते खाणीच्या काठावर वळताना मी डोळे मिटले. आई एकवीरेला काय काय बोललो, ते आता आठवत नाही. चाचा आले, उतरले. मग म्हणाले, आता तू एकदा बघून घे, मी हात धुऊन येतो.

मी पाना लावला. नट बोटानं फिरत होता.

*

शेवटी मी बाहेरच्या कंपनीचे नट मागवले. हा नट एका बाजूनं चिरलेला असतो आणि चिरेवरचे छोटे बोल्ट आवळले की दांड्याला घट्ट पकडून बसतो. हातात राक्षसी जोर लागत नाही. चाचांना सांगितलं, जुने नट झिजलेत. त्यांनी तो लालचुटुक नट हातात तोलून बघितला. हा नट आहे की दागिना, एवढंच म्हणाले.

शेठच्या शेडमध्येच काम काढलं. चाचांनी जुने नट तापवून सोडवले, नवे बसवले, छोटे बोल्ट आवळले, रेघ मारली आणि चटई घेऊन आंब्याखाली नमाजला गेले. आता खरं तर गरज नव्हती. पण दीड वर्षाची सवय. मी बोल्ट सैल करून नट पाव फेरा घेतला, बोल्ट पुन्हा आवळले, रेघ पुसून नवी मारली.

चाचा आले. शेठ नारळ घेऊन तयार. चाचा वाकले, रेघेवर अंगठा ठेवला आणि माझ्यासमोर धरला. अंगठा पांढरा झाला होता.

"माझी रेघ मी यायच्या आत सुकते," ते म्हणाले. "तुझी दर वेळी ओली असते."

चाचांनी हेल्मेट बाहीनं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. शेवटचा हात तुझा, फेरी तुझी.

मी हेल्मेट चढवून गाडीवर बसलो. किल्ली लावली. आणि तेवढ्यात मला तो रविवार आठवला, शेठ चहा पीत बसलेले तो.

"चाचा," मी विचारलं, "त्या रविवारी?"

"त्या रविवारी रेघ सुकलेली होती," चाचा म्हणाले आणि माझ्या मागे चढून बसले. "चल."